नऊ खणांचा किनारा

खानझोडे सर शिकवता शिकवता मधेच मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आता पाणी उतरून राहिलं." खिडकीबाहेर रायपूरचं ऊन, सायकल स्टँड आणि धुळीनं माखलेला कडुनिंब. समुद्र म्हणावा तर कुठल्याही दिशेला जा, आगगाडीत एक रात्र काढल्याशिवाय दिसायचा नाही. तरी आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, वर्गांच्या वेळापत्रकाशेजारी, कोकणातल्या भरती-ओहोटीच्या वेळा सरांच्या अक्षरात लावलेल्या असत. एका नव्या क्लार्कनं त्या नळाच्या पाण्याच्या वेळा समजून उतरवून घेतल्या आणि आठवडाभर तो बादल्या घेऊन नळाशी बसला. सरांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. "मंग? आलं का पाणी?" एवढंच त्यांनी गंभीरपणे विचारलं.

मी आधी सरांची विद्यार्थिनी होते आणि पुढे त्याच प्राणिशास्त्र विभागात त्यांची सहकारी झाले. या सगळ्या वर्षांत मी या माणसावर जेवढी चरफडले तेवढी सख्ख्या नवऱ्यावरसुद्धा चरफडले नसेन. आदर होता, माया होती, सगळं होतं. पण त्यांच्याशी बोलून आलं की माझं डोकं दुखायचं, हेही तितकंच खरं.

सरांचा विषय एकच. खडकाळ किनाऱ्यावर भरतीचं पाणी जिथवर चढतं आणि ओहोटीला जिथवर उतरतं, त्या मधल्या पट्ट्यात कुठला शंख कुठं बसतो. खडक बघणाऱ्याला सगळा सारखाच दिसतो, पण तिथं प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सगळ्यात वर, जिथं नुसते तुषार पोचतात, तिथं खडकाच्या भेगांत डाळीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी. त्यांच्याखाली काळे, गोल, शर्टाच्या बटणाएवढे शंख. मग खडकाला घट्ट धरून बसलेल्या टोपीच्या आकाराच्या शिंपल्या, त्याखाली कालवं, कालवांना भोक पाडून खाणारे खरबरीत शंख, आणि अगदी तळाशी, दगड उलटला तरच दिसणाऱ्या कवड्या. "वरची हद्द ऊन ठरवते," सर म्हणायचे, "अन् खालची हद्द शेजारी ठरवते." म्हणजे वर चढावं तर उन्हानं वाळून मरायचं, आणि खाली उतरावं तर कुणीतरी खायला किंवा जागा बळकवायला टपलेलं असतं.

हे वाक्य ते कुठंही वापरायचे. स्टाफरूममध्ये कुणी बदलीबद्दल रडगाणं गायलं की हेच वाक्य. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी मराठी मंडळी जमली आणि नागपूर सुटलं, इथले तर आपण झालोच नाही असा विषय निघाला की सर चहा पिता पिता हेच ऐकवायचे. माझी आई खूश व्हायची. मी मनात म्हणायचे, अहो सर, वर्षानुवर्षं तेच सांगताय, एकदा लिहून का काढत नाही? कारण सर लिहीत नसत. त्यांच्या नावावर शोधनिबंध म्हणून काही नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "होऊन राहिलं. घाई काहून?"

दर दिवाळीत ते कोकणात जायचे. लक्ष्मीपूजनाची अमावास्या म्हणजे उधाणाची ओहोटी. पाणी सगळ्यात खाली जातं ते त्याच दिवसांत. त्यामुळे लग्न झाल्यापासून काकूंनी दिवाळीचा पहिला दिवा कधी सरांबरोबर लावला नव्हता. "यांची लक्ष्मी दगडावर बसते," त्या म्हणायच्या, आणि ते विनोदानं म्हणत नसत. मी एकदा विचारलं, "सर, समुद्रच पाहिजे तर विशाखापट्टणम काय वाईट आहे? एका गाडीत पोचता. तुम्ही काहून तीन-तीन गाड्या बदलून तिकडं जाता?"

"तिथी पाणी चढते-उतरते किती? छातीएवढं बी नाही. येवढ्याशा जागेत सगळ्यायची गर्दी होते, कोण कुठं राह्यते काही समजत नाही. कोकणात नऊ फूट भेटते."

नऊ फूट खडकासाठी हा माणूस दरवर्षी दिवाळी सोडतो, याचं तेव्हा मला हसू यायचं.

मग वेगळं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं, आणि राजधानीला खोल्या लागू लागल्या. रोज कुठली तरी इमारत कुठल्या तरी खात्याला जायची. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीच्या सुट्टीत प्राचार्यांना निरोप आला, की एका संचालनालयासाठी जागा बघायला अधिकारी येणार आहेत. आमच्या विभागाचं संग्रहालय, म्हणजे कॉलेजातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित खोली, हातची जाणार हे उघड होतं. सर अर्थातच कोकणात होते. तेव्हा मोबाईल त्यांच्याकडे नव्हता, आणि असता तरी खडकावर त्यांनी उचलला नसता. प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, म्यूज़ियम ऐसा चमकना चाहिए कि लेने वाले को शर्म आए."

मी कंबर कसली. खोलीत बेडूक-सापांच्या जुन्या बरण्या होत्या, त्या पुसल्या. आणि सरांचं सागवानी कपाट होतं, नऊ खणांचं. उघडलं तर प्रत्येक खणात आगपेट्याच आगपेट्या. पानाच्या ठेल्यावर मिळतात तशा, मळलेल्या, काहींचे कोपरे फाटलेले. आत शंख. पेटीवर ना नाव, ना तारीख. कपाटाला हात लावायचा नाही असं सरांनी सांगितलेलं होतं, कबूल. पण त्यांच्या खुर्चीला, खिडकीच्या कडीला आणि चहाच्या कपालाही हात लावायचा नाही असंच सांगितलेलं होतं. त्यातलं कुठलं मनावर घ्यायचं हे कुणी कसं ठरवावं?

चार दिवस मी आणि आमचा लॅब अटेंडंट धनीराम राबलो. सगळ्या पेट्या रिकाम्या करून शंख साबणाच्या पाण्यात टाकले, जुन्या टूथब्रशनं घासले. मग जातीप्रमाणे वेगळे केले आणि प्रत्येक जात लहानापासून मोठ्यापर्यंत कापसावर मांडली. त्यावर काच बसवली, आणि काळ्या शाईनं सुबक अक्षरात लॅटिन नावं लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. रिकाम्या पेट्यांचा ढीग बघून धनीरामनं विचारलं, "दीदी, ये माचिस के डब्बा मन ला का करँव?"

"जाळून टाक."

"सर खिसियाही, दीदी," तो घुटमळत म्हणाला.

"काही रागवत नाहीत. बघून खूश होतील."

अधिकारी आले. "अरे वाह, रायपुर में समंदर!" म्हणाले आणि कौतुकानं अर्धा तास थांबले. त्यांनी शेजारचा वनस्पतीशास्त्राचा हॉल घेतला आणि आमची खोली सोडली. प्राचार्यांनी पेढे आणले. माझे पाय जमिनीवर नव्हते. सर कधी येतात असं मला झालं होतं.

सर आले ते स्टेशनवरून थेट कॉलेजात, नेहमीप्रमाणे. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात त्या वर्षीच्या पंचेचाळीस आगपेट्या. मी त्यांना हाताला धरून कपाटाशी नेलं आणि एकेक खण उघडून दाखवला. ते बघत राहिले. पिशवी खांद्यावरच होती.

"छान दिसून राहिलं," ते म्हणाले. मग शेवटचा खण मागच्या टोकापर्यंत ओढून, "पेट्या?"

"जाळल्या सर. फारच कळकट झाल्या होत्या."

त्यांनी धनीरामकडून खुर्ची मागून घेतली आणि बसले. धनीराम बाहेर निघून गेला. मला काहीतरी चुकल्याचं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "सर, नोंदी तर वहीत असतीलच ना?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिली काही वर्षं ते वहीत लिहीत होते. बुढापाऱ्यातलं त्यांचं घर तलावाच्या अंगाला, भिंती कायम ओल्या. एका पावसाळ्यात सगळ्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, नुसते पुठ्ठे उरले. आगपेट्या मात्र कॉलेजच्या कपाटात ठेवल्या होत्या तशाच, ठेवल्या त्याच क्रमानं शिल्लक होत्या. तेव्हापासून त्यांनी वही सोडली आणि कपाटालाच किनारा केला. "कागदाले वाळवी लागते," ते म्हणाले, "जागेले नाही लागत." सगळ्यात वरचा खण म्हणजे खडकाचा सगळ्यात वरचा फूट आणि सगळ्यात खालचा खण म्हणजे नववा. खणात डावीकडून उजवीकडे पाच पेट्या, म्हणजे उघड्या समुद्राकडच्या कातळापासून खाडीच्या आडोशापर्यंतची पाच ठिकाणं. आणि खणाच्या मागच्या टोकापासून पुढं एकेक ओळ म्हणजे एकेक वर्ष. प्रत्येक पेटीत त्या वर्षी, त्या ठिकाणी, त्या उंचीवर, एक फुटाच्या चौकटीत सापडले तेवढे शंख. कुठला शंख कुठं राहतो आणि ती जागा वर्षानुवर्षं बदलते का, एवढं एकच त्या कपाटात लिहिलेलं होतं. मी शंख सगळे ठेवले होते. राहण्याची जागा तेवढी पुसून टाकली होती.

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी ओरडले. "तुम्ही लिहिलं काहून नाही? पेटीवर एक आकडा टाकायले काय झालं होतं? मले एकदा सांगितलं काहून नाही?"

"वीस वर्षं होऊ दे म्हटलं, मंग बसू लिहाले," सर म्हणाले. "मागच्या दिवाळीले वीस झाले."

मग उठता उठता म्हणाले, "खोली वाचवली तू. ते बी काही कमी नाही." हे ते मनापासून म्हणाले, टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

त्यानंतरची वर्षं फार वाईट गेली. पिशवीतल्या पंचेचाळीस पेट्या सरांनी कपाटात लावल्याच नाहीत, त्यांचाही क्रम मोडला, आणि दिवाळीला कोकणात जाणंही थांबलं. निवृत्त होईपर्यंत सर रोज संग्रहालयात बसायचे, काच सरकवून एक शंख उचलायचे, उलटा करून बघायचे आणि ठेवून द्यायचे. काही शंखांचं त्यांना कळायचं. लाटांच्या माऱ्यातला जाड आणि बुटका असतो, आडोशाचा पातळ आणि उंच. पण वर्ष कुठून कळणार? मी हात जोडले, की सर, आठवेल तेवढं तरी सांगा, मी उतरवून घेते, अंदाज म्हणून लिहू. "अंदाजच लिहाचा तर मंग कादंबरीच लिहितो ना मी," ते म्हणाले. त्यांचं ते शांतपणे म्हणणं मला असह्य व्हायचं. एकदा तरी टेबलावर हात आपटा, असं वाटायचं.

ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलं. ऊन वाढतंय, त्यामुळे खडकावरचे शंख आपली जागा बदलताहेत अशी त्यांना शंका होती. त्यांच्याकडे नोंदी होत्या त्या अलीकडच्या. कोकणातल्या कुणीतरी सांगितलं होतं, की रायपूरचे एक प्रोफेसर दर दिवाळीला इथं येऊन मोजत असत. जुन्या नोंदी मिळाल्या तर फार मोठं काम होईल, असं पत्रात नम्रपणे लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरांना विचारत होतं.

सरांनी उत्तर हातानं लिहिलं आणि टाईप करायला माझ्याकडे दिलं. चार ओळी होत्या. तिसरी अशी: राजधानी झाली त्या वेळी कार्यालयांच्या हलवाहलवीत माझ्या नोंदी गहाळ झाल्या.

"सर, हे खोटं आहे," मी म्हटलं.

"टाईप कर."

"तुम्ही साधा अंदाज लिहाले तयार नाही, अन् हे लिहिता?"

"ते शंखाबद्दल होतं. शंखाबद्दल खोटं लिहाचं नाही," ते म्हणाले. "तुले अजून वीस वर्षं नोकरी कराची आहे. टाईप कर."

मी टाईप केलं. मला माझ्या नावाची काळजी होती, बढती तोंडावर आली होती, हे आता कशाला लपवू? पत्र पाठवून टाकलं आणि त्यांच्यावरच चिडले, की यांनी मला यातही ओझ्याखाली ठेवलं.

त्या दिवाळीला मी सासरी भांडण करून सरांबरोबर कोकणात गेले. तोवर मी समुद्र पाहिला होता तो जगन्नाथपुरीचा, वाळूवर उभं राहून. अमावास्येनंतर दोन दिवसांनी, उजाडल्यावर, आम्ही कातळावर पोचलो. सरांचे गुडघे गेले होते. ते वर, एका पायरीवजा दगडावर बसले आणि मला खाली उतरवलं. हातात फूटभर चौकट, आणि गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेव्हलची नळी. खडकात त्यांनी पहिल्या वर्षी ठोकलेला लोखंडी खिळा अजून होता, त्यापासून उंची मोजायची. मी दोनदा घसरले, कालवाच्या धारेनं तळहात कापला. सर वरून ओरडत होते, "घाई करू नको, पाणी अजून उतरून राहिलं."

सुरुवात वरच्या फुटापासून. मी चौकट लावली आणि बघितलं. "सर, इथं काहीच नाही."

"असन. भेगेत पाह्य."

"भेगेत बी नाही."

"दुसरी जागा पाह्य."

पाचही ठिकाणी बघितलं. डाळीएवढ्या त्या गोगलगायी होत्या, पण दुसऱ्या फुटात. पहिला फूट रिकामा होता, कोरडा आणि इतक्या सकाळीसुद्धा जरा कोमट. सर हातापायांवर रांगत खाली आले. मी नको नको म्हणत असताना त्यांनी भेगेत बोट घातलं आणि भेगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"इथी असत," ते म्हणाले. "मुठीनं असत. ऊन एक फूट खाली आलं."

मला एकदम हुरूप आला. "सर, मग हेच तर त्यांना पाहिजे होतं! आपण त्यांना कळवू या ना, आजच—"

"कशावरून?" सरांनी विचारलं.

खाली पाणी खडकाच्या फटींतून आत येत होतं, बाहेर जात होतं. पंचेचाळीस गुणिले वीस आगपेट्या धनीरामनं सायकल स्टँडमागे जाळल्या होत्या, आणि काडी मी दिली होती. सर माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना ठाऊक होतं आणि ते सिद्ध करता येणार नव्हतं, आणि हे दोन्ही त्यांना सारखंच स्पष्ट होतं.

"लिही," ते म्हणाले. "वर्ष पहिलं. पहिला फूट, शून्य."

ते तेव्हा पासष्टीच्या घरात होते. वीस वर्षं लागणाऱ्या कामाचं पहिलं वर्ष त्यांनी मला पेन्सिलनं लिहायला लावलं. पाण्यात भिजलं तर शाई पसरते म्हणून.

पुढच्या दिवाळीला ते आले. त्याच्या पुढच्या दिवाळीला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, तेव्हा मी एकटी गेले. बुढापाऱ्यातून काकूंच्या मोबाईलवरून सरांचा फोन आला, "उतरलं का पाणी?" त्याच हिवाळ्यात सर गेले. त्यांना पोचवायला धनीराम आला होता. मी काही न विचारताच तो म्हणाला, "सर मोला कभू कुछु नइ कहिन." सरांनी त्यालाही कधी एक शब्द बोलून दाखवला नव्हता.

मी जात राहिले. काकूंसारखंच आता माझ्या घरीही दिवाळीला एक माणूस कमी असतं. मुलगी हिंदीतून भांडते, नवरा मराठीतून. माझी कामाची वर्षं विसाच्या जवळ आली, तशी यंदा मी सगळं लिहून काढलं. पेट्यांवर आकडे, वह्यांच्या तीन-तीन प्रती, काही कमी ठेवलं नाही. लेख एका नियतकालिकाकडे पाठवला. त्यात जुन्या नोंदींबद्दल एक वाक्य घातलं होतं: या ठिकाणच्या आधीच्या वीस वर्षांच्या नोंदी अस्तित्वात होत्या, त्या माझ्या हातून नष्ट झाल्या.

लेख तपासणाऱ्यांनी सगळं मान्य केलं आणि ते एक वाक्य खोडलं. किनाऱ्यावरच्या त्या संशोधन संस्थेनं सरांचं पत्र आपल्या अहवालात घेतलेलं होतं. त्याचा हवाला देऊन तपासणाऱ्यांनी कळवलं, की जुन्या नोंदी राजधानीच्या हलवाहलवीत गहाळ झाल्याचं आधीच प्रसिद्ध आहे, आपलं वाक्य त्याच्याशी विसंगत आहे, शिवाय ते वैयक्तिक स्वरूपाचं आहे, कृपया काढावं. मी दोनदा लिहून पाहिलं. दोनदा तेच उत्तर आलं. शेवटी काढलं, कारण अडून बसले असते तर लेखच छापला नसता आणि ही दुसरी वीस वर्षंही गेली असती.

म्हणून इथं लिहिते. हलवाहलव झाली नव्हती. खोली जागच्या जागी होती, कपाट जागच्या जागी होतं. खानझोडे सरांची वीस वर्षं मी चार दिवसांत साबणाच्या पाण्यानं धुऊन टाकली, आणि सर मला एकदाही रागावले नाहीत. मला अजून त्यांचा राग येतो तो याचाच.